वेणूरावांचं रेनिन

वेणूरावांना रक्तदाब होता असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. रक्तदाब आमच्या गल्लीत सगळ्यांनाच होता. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला होता, समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना होता, माझ्या कॉलेजच्या प्राचार्यांना तर रोज सकाळी दहानंतर होता. असल्या सार्वजनिक रोगाशी वेणूरावांचा संबंध नव्हता. वेणूरावांना रेनिन होतं.

मी मूळची साताऱ्याची. तंजावरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला गेले आणि राजवाड्यामागच्या गल्लीत वेणूरावांच्या माडीवर बिऱ्हाड केलं. घर बघायला गेले तेव्हा हे गृहस्थ ओट्यावर बसले होते. कमरेला पांढरी वेष्टी, खांद्यावर पंचा, कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ आणि उघड्या अंगावर खिसा नसल्यामुळे कानावर अडकवलेलं पेन. मी नाव सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "नांव राहूं द्या. आधी हात आणा." आणि माझ्या दंडाला रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून हवा भरायला लागले सुद्धा.

आपल्याकडे आल्यागेल्याला पाणी विचारतात. वेणूराव दाब विचारत. दूधवाला असो, विजेचं मीटर बघणारा असो की पुतणीसाठी स्थळ घेऊन आलेले कोण असोत, ओट्यावर पाय ठेवला की पट्टा आवळला जाई. एका मुलाच्या बापाचा दाब जास्त निघाला म्हणून वेणूरावांनी ते स्थळ तिथल्या तिथे नाकारलं. पुतणीचं लग्न पुढे दुसरीकडे झालं आणि त्या सासऱ्याचा दाब म्हणे आदर्श होता. स्वभाव कसा होता ते पुतणीला विचारा.

"कुठल्या तुम्ही?" माझा दाब पसंत पडल्यावर त्यांनी विचारलं.

"साताऱ्याची."

"म्हणजे धाकटी पाती," ते समाधानाने म्हणाले. "आमची गादी जुनी. तुमची मागाहूनची. असो, मनुष्याचा दोष नव्हे तो. माडी वर आहे, पाहून या."

तंजावरच्या मराठी माणसांना आपण इथे कधी आलो याचा अभिमान असतो, आणि तो असावाही. साडेतीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून घरात मराठी टिकवणं हे खायचं काम नाही. पण वेणूरावांचा अभिमान त्या मराठीपुरता थांबत नसे. सांबार आमचं, पोळी आमची, इथलं वीणावादन निम्मं आमचं, असं करत करत ते कावेरीपर्यंत पोचत आणि तिथे मात्र नाइलाजाने थांबत, कारण कावेरी त्यांच्या आधीची होती. माझ्या मराठीला ते 'नवी भाषा' म्हणत. "तुम्ही 'आलो' म्हणतां. आम्ही 'आलों' म्हणतों. नाक कुठं गेलं तुमचं?" असं एकदा भर रस्त्यात विचारलं होतं. स्वतः त्यांना देवनागरी वाचता येत नसे. त्यांची ती जुनी, अस्सल, सानुनासिक मराठी ते तमिळ लिपीत लिहीत आणि तमिळ लिपीतून वाचत. यात काही गंमत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात केली. इंजिनियर म्हणून निवृत्त झाले, तरी कालवे डोक्यातून वाहतच होते. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना मुख्य दरवाजा, पाट आणि शेवटचं शेत या भाषेत कळे. सुनेचं आणि मुलाचं भांडण झालं तर दरवाजा कुणीकडे आहे ते आधी शोधा म्हणत. अशा माणसाच्या हाती रेनिन लागलं, ही नियतीची चूकच म्हणायला हवी.

ते रेनिन पाठवलं मुलाने. मुलगा मुरली न्यू जर्सीला. तिथल्या कुणा डॉक्टरने बापाचे कागद बघून एक गोळी सुचवली. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांहून निराळी, रेनिनलाच अडवणारी. अलिस्किरेन तिचं नाव. पण वेणूरावांनी ते नाव एकदाच उच्चारलं. मग गोळीला ते रेनिनच म्हणू लागले. गोळी रेनिनला अडवते आणि आपण तिलाच रेनिन म्हणतो, म्हणजे पोलिसाला चोर म्हणण्यासारखं आहे, हे मी एकदा सुचवून पाहिलं. "टीचरबाई, तुम्ही फिजिक्स पाहा," असं उत्तर मिळालं.

त्यांनी मला ते सारं समजावलं त्या दिवशी मी कॉलेजला उशिरा पोचले. ओट्यावर खडूने आकृती काढली होती.

"हे मूत्रपिंड. हें रेनिन सोडतं. रेनिन म्हणजे कात्री. ती जाऊन रक्तातल्या एका पदार्थाला कापते. मग दुसरी एक कात्री येते, ती आणिक कापते. मग जें उरतं तें जाऊन रक्तवाहिन्या आवळतं. सरि? आतां अस्के डॉक्टर, सगळेच्या सगळे, काय करतात? कोण्ही दुसरी कात्री धरून बसतो. कोण्ही शेवटल्या शेताच्या तोंडाशी बांध घालतो. पाणी गावांत शिरलं, मग हे धांवतात! आणि मी?" इथे त्यांनी खडू मूत्रपिंडावर असा आपटला की त्याचे दोन तुकडे झाले. "मी वरचा दरवाजाच बंद करतों!"

वरचा दरवाजा सबंध बंद केला तर खालच्या शेतांचं काय होतं, हे कालव्यांवर उभी हयात घालवलेल्या माणसाला मी कशाला विचारू? नाही विचारलं.

गोळी तंजावरात मिळत नसे. ती न्यू जर्सीहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून, साड्यांच्या घड्यांत येई. हेच तिचं खरं वैभव. वेणूराव दर आठवड्याला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन ती मागत. दुकानदार आधी शोधल्यासारखं करी, मग मान हलवी. "इल्लै सार." नाही साहेब. मग वेणूराव उसासा टाकत, "मज ठाऊक होतं," असं म्हणत आणि परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे घरी परतत. एखाद्या आठवड्यात ती गोळी तिथे खरंच मिळाली असती तर मला वाटतं त्यांनी ती सोडून दिली असती.

सकाळी मोठ्या देवळाच्या आवारात त्यांची निवृत्त मंडळी फिरायला जमत. मला त्याच वेळी कॉलेजला निघायचं असे, म्हणून थोडा रस्ता मीही त्यांच्याबरोबर चालायची. वेणूरावांनी त्या मंडळींची गोळीप्रमाणे उतरंड लावलेली होती. लघवी वाढवणारी गोळी घेणारे अगदी खाली. त्यांनी मागून चालायचं, कारण त्यांना मधेच थांबावं लागे. ज्यांचे पाय गोळीने सुजत ते मधे. वरच्या पायरीवर एकच माणूस होता. पोस्टमास्तर बिचारे दोन प्रकारच्या गोळ्या घेत, तेव्हा त्यांना कुठे बसवावं याचा निर्णय बरेच दिवस झाला नव्हता. ही माणसं हसून घेत. एकमेकांच्या जाती काढायची सोय राहिली नाही, मग गोळ्या काढायच्या. माणसाला कुणाच्या तरी वर उभं राहिल्याशिवाय फिरायलाही जाववत नाही.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तुम्ही त्यांना निव्वळ पोकळ समजाल. तिरुवैयारुला एकदा आम्ही गाणं ऐकायला गेलो होतो. कावेरीकाठी मांडव, गवई आलापीत रंगलेला, आणि आमच्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ सारखे खोकत होते. कोरडा, टोचरा खोकला. लोक माना वळवून रागाने बघत होते. वेणूराव पुढे वाकले आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून, आलाप चालू असताना, स्पष्ट आवाजात विचारते झाले, "प्रेशरला कोणती गोळी?" त्या माणसाने घाबरून नाव सांगितलं. "तीच खोकते आहे, तुम्ही नव्हे," वेणूराव म्हणाले. "डॉक्टरांस सांगून बदला." तोवर गवई थांबला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण महिन्याभराने ते गृहस्थ फणसाची टोपली घेऊन वेणूरावांच्या ओट्यावर आले. डॉक्टरने गोळी बदलली, खोकला गेला. त्या दिवसापासून वेणूराव बरोबर असतात असा समज गल्लीत पसरला आणि तो पसरवण्यात वेणूरावांनी कसूर केली नाही.

आता सुंदरक्का.

सुंदरक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. ठेंगणी, गोरी, नऊवारीची जुनी तऱ्हा सोडून आता सहावारीत आलेली, पण चाल तीच जुनी, भराभर. ती नवऱ्याचं नाव घेत नसे आणि नवऱ्याला 'नाही' म्हणत नसे. त्या घराची ती रीतच होती. तिच्या सासूनेही आयुष्यात नवऱ्याला 'नाही' म्हटलं नव्हतं, असं सगळे कौतुकाने सांगत. सुंदरक्का फक्त 'सरि', म्हणजे तमिळमधलं 'बरं', म्हणे आणि मग तिला जे योग्य वाटे ते करी. वेणूराव म्हणत, भाजीत खोबरं नको. सरि. खोबरं आणखी बारीक वाटलं जाई. वेणूराव जेवून म्हणत, पाहा, खोबऱ्याविना कशी चव येते. घर पन्नास वर्षं असं चाललं आणि मला विचाराल तर उत्तम चाललं.

रेनिन घरात आलं तेव्हा वेणूरावांना साखरेचा विकारही होता. म्हणून आमच्या गावच्या डॉक्टर सेल्वी यांनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या. ही नवी गोळी घ्यायची तर दाबाची जुनी गोळी अगदी बंद. साखर असलेल्या माणसाने ह्या दोन्ही एकत्र घेतल्या तर मूत्रपिंडं दमतात, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडायची वेळ येते. दुसरं, मधून मधून रक्त तपासायचं. वेणूरावांनी पहिली गोष्ट मान्य केली आणि तपासणीचा अपमान मानला. "मूळच बंद केलं, मग पाण्याची पातळी काय पाहतां?"

आणि घरी येऊन बायकोला त्यांनी सांगितलं ते एवढंच: "जुनी गोळी गेली. आतां ही."

गल्लीतल्या पोस्टमनलासुद्धा ज्यांनी खडूने आकृती काढून दाखवली, त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं. जुनी का गेली, दोन्ही एकत्र का नकोत, हे तिला सांगायची त्यांना गरजच वाटली नाही. पन्नास वर्षांत कधी वाटली नव्हती. आणि ती 'का' असं कधी विचारत नसे. ती म्हणाली, सरि.

पुढचं मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. ज्या दुकानात वेणूराव सकाळी जाऊन 'नाही' ऐकून येत, त्याच दुकानात सुंदरक्का संध्याकाळी देवळाच्या वाटेवर थांबे आणि जुन्या गोळ्यांचं पाकीट घेई, वर्षानुवर्षं घेत होती तसंच. सकाळी ती गोळी वाटून, हिंग-कढीपत्ता घातलेल्या ताकात मिसळून त्यांना देई आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राही. तिचं ते समोर उभं राहणं तेवढं मला दिसे आणि ते प्रेम वाटे. होतंही ते प्रेमच. न्यू जर्सीची सूनही मागे नव्हती. सासऱ्यांना मीठ वर्ज्य म्हणून तिने तिकडून सोडियम नसलेलं मीठ पाठवलं होतं, ज्यात सगळं पोटॅशियमच असतं. मुलाची गोळी, बायकोची गोळी, सुनेचं मीठ. प्रत्येकाने आपल्या परीने त्या माणसाला जपायचं ठरवलं होतं आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

हळूहळू वेणूरावांचा दाब उतरू लागला. ओट्यावरून उठताना ते खांब धरू लागले. पायऱ्या चढताना मांड्या लटपटत. कुणालाही काळजी वाटली असती, पण वेणूरावांनी ह्या लटपटण्याचंही यश करून टाकलं. "पाहा टीचरबाई, मोठ्या दाबाची सवय लागलेलं शरीर आहे. आतां तें शिकतं आहे." चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली सूज, आणि हा माणूस पोस्टमास्तरांना यंत्रावरचा आकडा दाखवून सांगतोय की अशा आकड्याला या वयात नशीब लागतं.

"डॉक्टरांना दाखवा ना एकदा," मी म्हटलं.

"काय म्हणून? बरं वाटतं म्हणून?"

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळींचा मेळावा पापनाशमजवळच्या एका मंगल कार्यालयात भरला. तंजावर, कुंभकोणम, चेन्नई, कुठून कुठून घरं आली होती. मुलं मराठी समजत होती पण उत्तर तमिळमधे देत होती, आणि म्हातारी माणसं तेवढ्यावरही खूष होती. जेवणाआधी वेणूरावांचं भाषण. विषय: रक्तदाबाचं मूळ. तमिळ लिपीत लिहिलेली मराठी हातात घेऊन ते उभे राहिले आणि त्यांनी आधी जाहीर केलं की जेवताना माझ्या पानावर तूप वाढूं नका, तुपाने ही गोळी अंगी लागत नाही. हे खरंच आहे, चरबीच्या जेवणाबरोबर ती गोळी नीट शोषली जात नाही. पण ते सांगायची ती रीत अशी होती, की समोरच्या सगळ्या तूप खाणाऱ्यांना आपण कुठल्या तरी खालच्या योनीत आहोत असं वाटावं.

मग कालवे आले, दरवाजा आला, शेवटचं शेत आलं. आणि मग त्यांनी यंत्र मागवलं. स्टेजवर खुर्चीत बसून स्वतःचा दाब मोजायला लावला. पट्टा फुगला, सैल झाला. यंत्रावर आकडा बघणाऱ्या कुणाच्या तरी मुलाने तो पुन्हा एकदा वाचला. मग त्याने तो मोठ्याने सांगितला. आकडा इतका खाली होता की पहिल्या रांगेतल्या बायकाही एकमेकींकडे बघू लागल्या.

"ऐकलं काय?" वेणूराव ओरडले. "ह्या वयांत! मुळाशी गेल्याशिवाय असं होत नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा आजही राग येतो. ते टाळ्या स्वीकारायला खुर्चीतून उठले, कागद हातातून गळाला, आणि गुडघे वाकून ते तिथेच बसले. बसले ते उठले नाहीत. तोंड हिरवट पडलं होतं. सुंदरक्का पदर सावरत स्टेजवर चढली, एरवीही भराभर चालणारी ती, पण इतकं भराभर चालताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

तंजावरच्या इस्पितळात नेईपर्यंत नाडी मंद, फारच मंद झाली होती. तिथली तरुण डॉक्टर हृदयाचा आलेख बघून आम्हांवर ओरडलीच. पोटॅशियम खूप चढलंय, इंजेक्शनं देतेय, पण कशाने चढलं? काय काय घेतात हे? सांगा, लवकर सांगा.

सगळे एका सुरात म्हणाले, रेनिनची गोळी. फक्त तीच. पोस्टमास्तर शपथेवर म्हणाले. फोनवर न्यू जर्सीहून मुरली म्हणाला, फक्त मी पाठवलेली, जुनी केव्हाच बंद आहे, मी स्वतः विचारलं होतं. त्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांना सगळं सांगितलं होतं, त्यामुळे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

"फक्त त्या गोळीने एवढं होत नाही सहसा," डॉक्टर म्हणाली. "आणखी काहीतरी आहे. ते आत्ता कळलं नाही तर पुढची औषधं मी अंधारात देणार. नीट आठवा."

सुंदरक्का भिंतीशी उभी होती. मी तिच्या शेजारी होते म्हणून मला दिसलं, तिचे ओठ हलत होते. नवऱ्याचं गुपित परक्याला नवऱ्याच्या डोक्यावरून सांगणं हे तिला जमणारच नव्हतं. आणि हे तर नवऱ्याचं गुपित नव्हतंच, नवऱ्यापासूनचं होतं. तिथे दीर होते, जावा होत्या, चेन्नईची मंडळी होती. नवऱ्याला विष दिलं, असं उद्या सगळ्या कावेरीखोऱ्यात झालं असतं. पण ती पुढे गेली. डॉक्टरकडे नाही, खाटेकडे. वाकून तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"ऐकलं काय. जुनी गोळी मी देत्यें. ताकांतून. रोज." तिचा श्वास लागला होता. "माझे बाप गोळी सोडली आणि आठ दिवसांत गेले. तुम्ही सोडतों म्हणालां. मज भय वाटलं. तुम्हांस नाही कसं म्हणूं?"

मी ऐकलं, कारण मी खाटेच्या पायथ्याशी होते. बाकी कुणी ऐकलं नाही. मला वाटलं आता ह्या माणसाचं हृदय खरंच थांबेल. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याला कळत होतं की आपल्या घरात आपल्या नकळत काही होतं, आणि ज्या आकड्यावर आपण एवढ्या मेळाव्यापुढे टाळ्या घेतल्या तो निम्मा ताकाचा होता.

वेणूरावांनी डोळे उघडले. बायकोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं मला वाटलं, पण तेवढा वेळ तिथे नव्हताच. मग त्यांनी डॉक्टरला बोटाने जवळ बोलावलं.

"डॉक्टर," ते इंग्रजीत म्हणाले, आवाज फाटलेला होता, "टू टॅब्लेट्स. ओल्ड वन ऑल्सो. डेली. माय ओन डिसिजन."

"दोन्ही?" डॉक्टर किंचाळली. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं ना एकत्र नको म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग का घेतल्या?"

वेणूरावांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, कारण गरजच पडली नव्हती. स्वतःविषयी जे बोलायचं ते सगळं त्यांना खरंच वाटे. "एक्सपेरिमेंट," ते म्हणाले.

डॉक्टरने मग त्यांची जी खरडपट्टी काढली ती सबंध वॉर्डाने ऐकली. शिकलेली माणसं अशी वागतात, रस्त्यावरचा माणूस तरी ऐकतो, तुमच्यासारख्यांना शहाणपणाचा रोग असतो. दीर मान डोलवत होते. पोस्टमास्तरांनी तर जन्मभराचं उट्टं काढून घेतलं. "मला वाटतच होतं," ते म्हणाले. त्यांना काहीएक वाटलं नव्हतं. सुंदरक्का त्या सगळ्या गोंधळात उभी होती, पदर तोंडात कोंबून, आणि वेणूराव तिच्याकडे न बघता डॉक्टरच्या शिव्या खात होते. कुठलंही मिष्टान्न त्यांनी इतक्या शांतपणे खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं. मला तेव्हा रडू आलं, ते मी लपवलं नाही.

ते वाचले. मूत्रपिंडांना थोडा धक्का बसला, तो राहिला. न्यू जर्सीची गोळी डॉक्टर सेल्वींनी कायमची बंद केली, सुनेचं मीठ डब्यासकट फेकलं, आणि एक साधी, स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळणारी, पाय सुजवणारी गोळी त्यांना लिहून दिली. दुकानदाराने ती पहिल्यांदा न शोधता काढून दिली तेव्हा वेणूरावांचं तोंड बघवलं नाही असं म्हणतात.

देवळाच्या आवारात फिरायला ते पुन्हा जाऊ लागले तेव्हा त्यांची जागा पार बदललेली होती. आता उतरंड पोस्टमास्तर लावत. "आमचे इंजिनियर," ते नव्या माणसाला ओळख करून देत, "दोन गोळ्या एकत्र घेऊन मूळ शोधायला निघाले होते." मंडळी खो खो हसत. पूर्वी ज्याने असं हसणाऱ्याच्या दंडाला पट्टा आवळला असता, तो माणूस आता म्हणे, "होय, मूर्खपणा झाला. माझाच." दर वेळी 'माझाच' म्हणे. कुणी विचारलं नाही तरी म्हणे. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात चेन्नईच्या एका वहिनीने सगळ्यांसमोर विचारलं, काय हो, सुंदरक्काला पत्ता लागला नाही का तुम्ही काय गिळता त्याचा? तर म्हणाले, "तीस कसं कळणार? मी चोरून घेत होतों." आणि हसले. सगळे हसले. सुंदरक्का तेवढी हसली नाही.

या माणसाची मी इतकी वर्षं मनातल्या मनात आणि इथे उघडपणे टिंगल केली आहे, आणि अजूनही करते, कारण तो टिंगल करण्यासारखाच होता. पण पुरुषाला आपल्या बायकोसाठी मरता येतं असं आपण कथाकादंबऱ्यांत वाचतो. आपल्या बायकोसाठी आयुष्यभर गाढव ठरून राहता येतं हे मी त्यांच्याकडेच पाहिलं. दुसरं पहिल्याहून पुष्कळ कठीण असावं, कारण त्यात रोज सकाळी फिरायला जावं लागतं.

मी तंजावर सोडलं त्या सकाळी निरोप घ्यायला खाली उतरले. वेणूराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाटावर बसले होते. सुंदरक्का आत चुलीपाशी होती. माझं सामान रिक्षात चढवायचं होतं, म्हणून मी दारातच उभी राहिले; त्या दोघांनी मला पाहिलं नव्हतं.

सुंदरक्का बाहेर आली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर एक अख्खी गोळी. तिने तळवा त्यांच्यासमोर धरला, मुद्दाम असा उजेडात, की त्यांनी नीट बघून घ्यावं.

"ही," ती म्हणाली. "पाहा. एकच आहे."

वेणूरावांनी पाहिलं नाही. त्यांनी तिच्या हातातून गोळी घेतली आणि तिच्या तोंडाकडे बघत गिळली.